उघडलं नाही, म्हणजे पास

कोणी पासवर्ड टाकायला बसलं की बाई खुर्चीवरून उठायच्या, भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या आणि तिथलं कॅलेंडर मोठ्याने वाचायला लागायच्या. "रविवार तीन. सोमवार चार. मंगळवार पाच." वाचणं शाळेतल्या हजेरीसारखं, खणखणीत. टाकणाऱ्याला फारच वेळ लागला तर महिना संपायचा. मग बाई पान उलटून पुढचा महिना सुरू करायच्या.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसलो. पाठ फिरवली ना, मग वाचायचं कशाला? बाई वळल्या नाहीत. भिंतीकडे पाहतच म्हणाल्या, "बोटांचा आवाज मोजता येते गा. सात अक्षरं का आठ, कानाले समजते. मले समजूच नाही पायजे."

आणि मागून "झालं बाई" असा आवाज आला तरी त्या लगेच फिरायच्या नाहीत. चालू आठवड्याचा शनिवार येईपर्यंत वाचायच्या, मगच वळायच्या. माणूस घाईत झालं म्हणतो आणि कागद पडद्यावर उघडाच राहतो, असं त्यांचं म्हणणं होतं. अशा माणसांचा कधी कधी फार वैताग येतो, तुम्हालाही अनुभव असेल. त्या गेल्यावर मात्र त्यांच्या सवयी आपल्या अंगात शिरलेल्या दिसतात.

बाईंचं नाव इथे लिहीत नाही. नाव लिहिलेलं त्यांना चाललं नसतं. ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत त्यांनी उभा जन्म लोकांच्या बोटाला सुई टोचण्यात घालवला होता, त्यामुळे आमच्याकडे सगळे त्यांना लॅबवाली बाई म्हणायचे. लहानपणी मी त्यांना पाहून रस्ता बदलायचो. पुढे मी सौंदडला स्टेशनच्या रस्त्यावर कॉम्प्युटर दुरुस्ती, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकलं, आणि निवृत्त झालेल्या बाई एका सकाळी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मले कुलूप पायजे."

"बाई, हार्डवेअरचं दुकान पलीकडे."

"कॉम्प्युटरले पायजे. मी म्हातारी झाली, येडी नाही झाली."

कशासाठी पाहिजे, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. आमच्या भागात सिकलसेल म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पण तुम्ही बाहेरचे असाल म्हणून सांगतो. हा रक्ताचा आजार आहे, आईबापाकडून येतो. ज्याच्यात तो अर्धाच आहे त्याला पिवळं कार्ड मिळतं. त्याला स्वतःला काही होत नाही. ज्याच्यात पुरता आहे त्याला लाल कार्ड. त्याचे सांधे धरतात, ताप भरतो, रक्त चढवावं लागतं. दोन पिवळ्या कार्डवाल्यांचं लग्न झालं तर पोर लाल कार्ड घेऊन जन्माला येऊ शकतं. म्हणजे लग्नाआधी दोघांनी आपापलं कार्ड काढून समोरासमोर ठेवलं की काम झालं. इतकं सोपं.

आमच्याकडे काय होतं? बायोडाटा दाखवतात, शेत दाखवतात, पोरीला चालायला लावतात, आणि कार्ड लपवतात. पोरीचं कार्ड पिवळं निघालं की तिची आई ते धानाच्या ढोलीत खोल खुपसून ठेवते. ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची उंच कोठी, माणूस आत उभा राहील एवढी. तिथे कोण हात घालणार?

चोरखमारा गावाकडच्या एका लाल कार्डवाल्या पोरीचं असंच झालं. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत ती चिखलातच कळवळून बसली. गोंदियाला नेली. डॉक्टर विचारतात, जुने कागद कुठे आहेत, आधी रक्त दिलं तेव्हा काही त्रास झाला होता का? बाप परत गावी आला आणि घरच्यांनी अख्खी ढोली अंगणात उपसली. तळाशी कागदाच्या चिंध्या निघाल्या. उंदरांनी बाळंतपण केलं होतं त्यात. पोरगी वाचली, पण फार हाल होऊन वाचली. बाई तेव्हा नोकरीत होत्या. त्या पोरीच्या आईला त्यांनी एकच वाक्य ऐकवलं आणि पुढे आम्हा सगळ्यांना जन्मभर ऐकवलं: "लपवनं येगळं ना जपनं येगळं."

निवृत्त झाल्यावर बाईंनी जुना स्कॅनर घेतला. ज्या बायकांना वाटेल त्यांनी आपले कागद आणावे, बाई स्कॅन करून ठेवतील, लागेल तेव्हा छापून देतील. हळूहळू बायका यायला लागल्या. इटियाडोह धरणाकडच्या गावांतूनही यायच्या, बाजाराचा दिवस पाहून. पण कॉम्प्युटर होता बाईंच्या समोरच्या खोलीत. त्यावर पुतण्या सिनेमे पाहायचा, शेजारचे विजेचं बिल भरायचे. आणि दुसरीच माणसंही यायला लागली. कोणी सीताफळं घेऊन यायचं, कोणी तलावातले मासे, आणि गप्पा मारता मारता विचारायचं, "बाई, त्या अमक्याच्या पोरीचं कसं काय हाय?"

बाई मासे परत पाठवायच्या. ज्यांना गोंदिया-भंडाऱ्याची माणसं माहीत आहेत त्यांना यातला त्याग समजेल.

मी त्यांना आधी सगळ्यात सोपा उपाय करून दिला. फोल्डरवर क्लिक केलं, लपवून टाकलं. बाईंनी पुतण्याला बोलावलं आणि म्हटलं, शोध. त्याने दोन बटणं दाबली आणि फोल्डर पडद्यावर हजर. बाईंनी पिशवीतून वही काढली. प्रयोगशाळेतली, लाल रेघेची वही. त्यात लिहिलं: सॅम्पल नं. १. फेल.

मग मी एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. फोल्डरवर मोठ्ठं पिवळं कुलूप दिसायचं. मला वाटलं, आता बाई खूश. बाई म्हणाल्या, "तोडून दाखव."

"मीच लावलेलं मीच तोडू?"

"तूच तोड. चोर काय बाहेरगावावरून येते काय?"

हार्डडिस्क काढून दुकानातल्या दुसऱ्या मशीनला जोडली आणि सगळं उघडं पडलं. कुलूप नुसतं चित्रातच होतं. "हे दाराले हाय, भितीले नाही," बाई भिंतीवर थाप मारत म्हणाल्या. सॅम्पल नं. २. फेल.

तिसरं मी एका ओळखीच्याकडून आणलं होतं. महागडं सॉफ्टवेअर, पण चोरून फोडलेलं. मी मोठ्या ऐटीत सांगितलं. बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "चोराकडून कुलूप आनून राहिला काय तू?" तरी त्यांनी ते सोडलं नाही, त्याचीही तपासणी केली. पासवर्ड विसरला तर कंपनी ईमेलवर नवा देते, हे मी चांगला गुण म्हणून सांगितलं होतं. "म्हंजे दुसरी चाबी त्याच्यापाशी हाय," बाई म्हणाल्या आणि वही उघडली.

एक मात्र त्यांनी मलाच शिकवलं. एके दिवशी विचारलं, "कचऱ्याचा डबा रिकामा केला म्हंजे खरंच रिकामा होते काय?" मी पुसलेल्या फाइली परत आणायचं सॉफ्टवेअर चालवून पाहिलं. महिन्याभरापूर्वी पुसलेले कागद एकामागून एक वर आले. बाई घाबरल्या नाहीत, चिडल्या. त्या दिवसापासून मूळ स्कॅन पुसताना नुसतं पुसायचं नाही, त्या जागेवरून पोतेरं फिरवायचं, म्हणजे पुन्हा पुन्हा निरर्थक आकडे लिहायचे, असा नियम झाला.

मी कंटाळलो होतो. दुकानात गिऱ्हाईक ताटकळायचं आणि बाई माझ्याकडून कुलपं फोडून घ्यायच्या. म्हटलं, बाई, जगात सगळीच कुलपं फुटतात. त्या म्हणाल्या, "मी तीस वर्सं सॅम्पल दोनदा पाहिला. आता एकदाच पाहून सोडू काऊन?"

चौथं सॉफ्टवेअर फुकट होतं, पण त्याची घडण कशी केली ते सगळ्या जगासमोर उघडं होतं. ज्याला शंका असेल त्याने तपासावं. ते एक बंद फाइल तयार करायचं. बाहेरून पाहिलं तर आत काय आहे, किती आहे, काही समजायचं नाही. पासवर्ड दिला की उघडायची.

"पासवर्ड इसरला तं?"

"मग गेलं, बाई. कोणीच उघडू शकत नाही. बनवणारासुद्धा."

बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसलं. "हेच पायजे."

तरी तपासणी चुकली नाही. त्यांनी एक फाइल बंद करून माझ्याकडे आठ दिवस ठेवली. मी थकलो तेव्हा गोंदियाच्या एका डिस्क दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेलो, बाई सोबत. त्याने दोन दिवस ठेवून हात जोडले. "बाईजी, ये मेरे बाप से भी नहीं खुलेगा. अंदर है क्या?" बाईंनी तिथेच पासवर्ड टाकून दाखवलं, अर्थात आम्हा दोघांना भिंतीकडे वळवून. आत त्यांच्या शेळीचा फोटो होता.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला जड जातं. पण ते सोडलं तर बाई तुम्हाला अर्ध्याच कळतील.

माझ्या धाकट्या भावाची सोयरीक चालली होती. पोरगी इटियाडोहकडची, शिकलेली, सगळ्यांना पसंत. माझ्या मायला एकच चिंता. तिला कुठून तरी समजलं की ती पोरगी बाईंकडे कागद ठेवून गेली आहे. माय म्हणाली, "तू तं त्या बाईचा कॉम्प्युटर खोलतेस ना? पाय ना एकडाव. कोनाले सांगाचं हाय?"

त्याच आठवड्यात बाईंचा सीपीयू पंखा खराब होऊन माझ्या दुकानात आला. मी पंखा बदलला. मग शटर अर्धं खाली ओढलं आणि बसलो. तेव्हा सगळे कागद एकाच बंद फाइलमध्ये होते, बाईंच्या पासवर्डने. मी त्यांच्या मुलीचं नाव टाकलं. गावाचं नाव टाकलं. रुग्णालयाचं, शेळीचं. सात वेळा टाकलं. उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. सीपीयूवर हात ठेवला, माझ्याकडे पाहिलं.

"भावाची सोयरीक चालून राहिली म्हनते तुया."

"हो."

"किती वेळा टाकला?"

मी खोटं बोलू शकलो असतो. त्यांच्याजवळ काही पुरावा नव्हता. पण लहानपणी सुई पाहून ज्यांच्यासमोर रडलो, त्यांच्यासमोर खोटं जमेना. "सात," मी म्हटलं.

मला वाटलं, आता ओरडतील, गावभर करतील, करावंच. बाईंनी पिशवीतून लाल रेघेची वही काढली आणि माझ्यासमोरच लिहिलं: बाहेरून प्रयत्न ७. उघडलं नाही. पास.

मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नाही. मी खाली मान घालून बसलो. बाईंनी माझ्याच माठातलं पाणी घेतलं, एक पेला मला दिला. "तू बी मानूसच हायेस," त्या म्हणाल्या. उठताना म्हणाल्या, "पन मी बी मानूसच हावो गा. तुही माय तुया पाठीमागं लागली. उद्या माही बहीन माह्यासमोर रडत बसली तं? माह्यापाशी चाबी हाय ना. मी खोलीन. म्हंजे भित कच्ची हाय ते माहीच."

पुढचे दोन महिने त्यांनी एकच काम केलं. एकेका बाईला निरोप पाठवून बोलावलं. प्रत्येकीची वेगळी फाइल, फाइलला नाव नाही, नुसता नंबर. पासवर्ड तिचा तिने ठरवायचा, मोबाइलवर मेसेज लिहिते तसा, इंग्रजी अक्षरांत. सोपा नको, लांब पाहिजे. रोवणीच्या गाण्यातली आपल्याच मायची एखादी ओळ घे, म्हणायच्या. ती टाकेपर्यंत बाई भिंतीकडे तोंड करून कॅलेंडर वाचत. मग मोठी फाइल त्यांनी कायमची पुसली, पोतेरं फिरवून. आता त्यांना स्वतःलाही काही उघडता येईना.

मी विचारलं, "पण तुमच्या डोक्यात तर आहेच ना सगळं?"

"डोक्यातलं काढून कोनी बैठकीत ठेवत नाही. कागद ठेवते. आता कोनी इचारलं तं मी खऱ्या तोंडानं सांगतो, मले खोलता येत नाही."

एक बाई पासवर्ड विसरली. रडत आली. बाई म्हणाल्या, "रडतेस कायले? कागद गेला, रगत तं अंगातच हाय. परत तपासू." आणि तिला घेऊन स्वतः रुग्णालयात गेल्या, रांगेत उभ्या राहिल्या. नागपूरहून रिपोर्ट यायला दिवस लागले, तोवर रुग्णालयाच्या फेऱ्यांबद्दल तिच्या नवऱ्याला सांगायला कारणही बाईंनीच शोधून दिलं.

माझ्या भावाबद्दल त्यांनी एवढंच विचारलं होतं, "पोराची तपासनी केली काय?" केली नव्हती. आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. "पयले घरचा सॅम्पल," बाई म्हणाल्या. भावाला विचारून लिहितो आहे: त्याचं कार्ड पिवळं निघालं. त्या संध्याकाळी माझ्या मायने ते कार्ड घेतलं आणि आमच्या ढोलीत खुपसलं. मी स्वतः पाहिलं. हसावं की रडावं ते समजेना.

भावाने दुसऱ्या दिवशी ढोलीत हात घालून कार्ड काढलं आणि बाईंच्या घरी गेला. पोरगीही आली, तिची आत्या अंगणात बसली. भावाने आपलं कार्ड टेबलावर ठेवलं. बाईंनी पोरीला सांगितलं, "दाखवाचं का नाही, तुये तू ठरव. जबरदस्ती नाही." आणि त्या भिंतीकडे वळल्या. भाऊ सांगतो, दोन महिने आणि वर एक आठवडा वाचून झाला. मग दोघं बाहेर आली आणि म्हणाली, आम्हाला लग्न करायचं आहे.

तिच्या कागदावर काय होतं ते मला आजही माहीत नाही. मायलाही नाही. लग्नाला चार वर्षं झाली. बाई लग्नात पंगतीला बसल्या होत्या, मायने त्यांना आग्रहाने दोनदा वाढलं.

मग बाईंची तब्येत खालावली. एका दुपारी निरोप आला म्हणून गेलो तर कॉम्प्युटर पोत्यात बांधून तयार होता. मुलगी नागपूरहून न्यायला आली होती, बाईंना तिकडे दवाखान्यात दाखवायचं होतं.

"हे तू घेऊन जा. बायका येतीन, त्यायले दुकान मालूम हाय."

मी म्हटलं, "बाई, माझ्याकडे? मी तर..."

"तुह्याकडंच. दुसरा कोनी राहीन तं टाकून पाहीन. तू सातदा टाकून पाहिला. तुले मालूम हाय, खुलत नाही."

मी पोतं उचललं. दारात पोचलो तर मागून आवाज. "कॅलेंडर बी ने." म्हटलं, बाई, हे तर मागच्या वर्षीचं आहे. "तारखा पाहाले थोडीच हाय," त्या म्हणाल्या.

त्या नागपूरहून परत आल्या नाहीत. त्यांची मुलगी नंतर दुकानात आली होती. फाइलींच्या यादीत पहिलाच नंबर, एक, तो बाईंचा स्वतःचा होता. मुलीने विचारलं, उघडेल का? मी नाही म्हटलं. तिने पडद्यावरच्या त्या नंबरावरून बोट फिरवलं आणि गेली. मी ती फाइल पुसलेली नाही, पुसणार नाही. बायका येतात, नंबर सांगतात, बसतात. मी भिंतीकडे वळतो आणि वाचायला लागतो. दुकानातली गिऱ्हाइकं आधी हसायची, आता तीही गुपचूप माना फिरवतात.

परवा घरची धाकटी सून, भावाची बायको, आली. तिला पाचवा महिना आहे. भावाचं कार्ड पिवळं म्हटल्यावर गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंनी तिचा नागपूरचा जुना रिपोर्ट मागितला. सोबत माय होती. सून खुर्चीवर बसली तशी माय तिच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. मायला वाचता येत नाही, पण फाइलमधलं कार्ड दिसलं तर त्याचा रंग ओळखता येतो.

"माय, इकडं ये," मी म्हटलं. "भितीकडं पाय."

मायने माझ्याकडे असं पाहिलं की मी लहान असतो तर मार खाल्ला असता. मी हललो नाही. सून पडद्याकडे पाहत बसून होती, बोटं कीबोर्डवर टेकलेली. शेवटी माय पदर सावरत आली आणि माझ्या शेजारी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी सुरू केलं. "रविवार तीन. सोमवार चार." तिसऱ्या दिवसापासून मायही माझ्यामागून म्हणायला लागली, आधी पुटपुटत, मग मोठ्याने. मागे बटणं वाजत होती, ती ऐकू येत नव्हती. मग प्रिंटर सुरू झाला.

"झालं, भाऊजी," सून म्हणाली.

आम्ही शुक्रवारवर होतो. मी वळायला लागलो, तर मायने माझा दंड धरला.

"थांब," ती म्हणाली, "शनवार राहिला हाय."